भयकथेचा पत्ता आपल्याच गावचा

(बोदवड येथील साहित्य संमेलनात केलेले अध्यक्षीय भाषण)



भयकथा आणि साहसकथा लिहिणाऱ्या माणसाला आपण आज या खुर्चीवर बसवलंत. ज्या लेखकांची पुस्तकं हातोहात फिरून जीर्ण झाली, ज्यांची सुटलेली पानं वाचनालयाच्या शिपायाने दाभणाने शिवून पुन्हा कपाटात लावली, पण ज्यांची नावं संमेलनाच्या मांडवात क्वचितच घेतली गेली, त्या सगळ्यांच्या वतीने मी हा मान स्वीकारतो. त्यांनी मला वाचायला शिकवलं, आणि पुढे लिहायलाही.

मी पूर्णवेळ लेखक नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागतात, त्या होळीपर्यंत थांबत नाहीत. त्या दिवसांत कादंबरी मिटून ठेवायची. हंगाम सरला की पहाटे उठून कामावर जाण्याच्या वेळेपर्यंत लिहायचं, हा माझा नेम. उरलेल्या वेळात लिहिणाऱ्याला वेळेची किंमत कळते, हे खरं आहे. पण मला आज त्याहून वेगळं सांगायचंय. भय आणि साहस यांचं लेखन कष्टाच्या, नोकरीधंद्याच्या जगातूनच उगवतं. ते जिथे उगवतं तिथलं नाव, माती आणि माणूस त्यात नसेल, तर वाचकाच्या अंगावर काटा येत नाही. आणि ज्या लेखकाच्या हातात लोकांना भिववण्याची ताकद आहे, त्याच्यावर त्या लोकांची जबाबदारीही असते. या दोन गोष्टींसाठीच मी आज उभा आहे.

आधी थोडं आपल्या परंपरेविषयी बोलतो, कारण हा प्रकार परक्याचा आहे असं अजूनही काही जणांना वाटतं. मराठी कादंबरीने सुरुवातीच्या वर्षांत अद्भुताचाच हात धरला होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. संकटं, ताटातुटी, अचाट योगायोग आणि शेवटी सुटका, असा तो सगळा मामला. पुढे वास्तववादाचं वारं आलं, हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या बाईचं दुःख कादंबरीत आणलं आणि मराठी कादंबरी मोठी झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर अद्भुत, भय, रहस्य, साहस यांना ओसरीवर बसवण्यात आलं, आणि तिथून आत यायला त्यांना फार वर्षं लागली. वाचकाने मात्र ओसरीवरच्या पाहुण्याला कधी उपाशी ठेवलं नाही.

गो. ना. दातारांची ‘इंद्रभुवनगुहा’ आणि ‘कालिकामूर्ती’ लोकांनी रात्र जागून वाचल्या. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने मग वाचायला आणि लिहायला घेतलं आणि मराठी वाचकाला ‘वीरधवल’ दिली. ज्याला स्वतःच्या पायाने उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याने दोन-तीन पिढ्यांना घोड्यावर बसवून रानोमाळ फिरवलं. साहसकथेला पळवाट म्हणणाऱ्यांनी नाथमाधवांची ती खोली डोळ्यांसमोर आणावी. तिथे कल्पना करणं हे हिमतीचंच काम होतं.

मग बाबूराव अर्णाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान सांभाळून या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं घराघरांत गेली. आमच्या भागात ही पुस्तकं रेल्वेने आली. भुसावळ हे मोठं जंक्शन, तिथल्या स्टॉलवरून घेतलेलं पुस्तक गाडीत वाचून व्हायचं आणि बोदवड, वरणगाव, मलकापूरला उतरणारा माणूस ते गावात सोडून द्यायचा. मग ते चावडीवर, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत फिरत राहायचं. अक्षरओळख झालेला पण पुस्तकाला बिचकणारा मोठा वर्ग अर्णाळकरांनी सलग वाचता केला. साक्षरतेच्या इतिहासात हे काम नोंदवायला हवं. त्यांच्याकडून मी वेग शिकलो. प्रकरण कुठे तोडायचं, वाचकाचा हात पान उलटायला आपोआप कसा जाईल, याची जाण त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आम्हा गावच्या पोरांना जास्त जवळचा वाटला, त्याला कारण होतं. हा पोरगा फुरसुंगीचा. त्याच्याकडे जादू नाही, पैसा नाही, पिस्तूल नाही. एक सायकल, तल्लख डोकं आणि नको तिथे नाक खुपसण्याची सवय एवढ्या भांडवलावर तो संकटात उडी घेतो. ज्युल्स व्हर्नच्या अचाट सफरी ज्यांनी मराठीत आणल्या, त्याच भागवतांनी आपला नायक मात्र पुण्याजवळच्या एका खेड्यातून उचलला. साहस करायला समुद्र ओलांडावा लागत नाही, हे त्या पुस्तकांनी माझ्या मनावर बिंबवलं.

आणि आता माझ्या दोन गुरूंकडे येतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी.

धारपांचा जन्म १९२५चा, निधन २००८चं. त्यांचं शिक्षण तंत्रशाखेचं, आणि ते त्यांच्या भयकथेत जागोजाग दिसतं. त्यांच्या गोष्टीत अघटिताला नियम असतात. ते कोणत्या वाटेने येतं, कशाने आवरतं, कशाने चेवतं, याचं एक गणित असतं. वाचकाला ते गणित हळूहळू कळत जातं, आणि नेमकं तेव्हाच त्याला समजतं की आकडे आपल्या बाजूने नाहीत. ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथा वाचा. वाईटाची ताकद प्रचंड आहे, पण तिच्यासमोर अभ्यास, शिस्त आणि निर्भय मन घेऊन उभा राहणारा माणूसही आहे. परदेशी भयसाहित्य धारपांनी मनापासून वाचलं होतं, लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्या कल्पनांचे धागे त्यांच्या लेखनात सापडतात. पण ते धागे त्यांनी आपल्या वाड्यांत, आपल्या माजघरांत, आपल्या आजी-आत्यांच्या बोलण्यात असे विणले की ती भीती मराठीच होऊन बसली. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ चित्रपटामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे. ते पाहायला धारप नव्हते. पण मराठीत, ओसरीवर बसून लिहिलेली एक गोष्ट देशभरच्या प्रेक्षकाला हलवू शकते, हे त्या चित्रपटाने सिद्ध केलं.

मतकरींनी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरी केली. त्या नोकरीच्या काळातच त्यांनी बालनाट्याची चळवळ उभारली, नाटकं लिहिली, दिग्दर्शित केली आणि गूढकथाही लिहिल्या. ‘खेकडा’ वाचून ज्याची झोप उडाली नाही असा वाचक मला अजून भेटलेला नाही. मतकरींच्या कथेत बऱ्याचदा भूत लागतच नाही. माणसाच्या मनात दडपलेला हेवा, अपराध, एकटेपणा पुरेसा असतो. कथा संपते तेव्हा बाहेरचं दार बंद असतं आणि भीती घरातच असते. त्याच लेखकाने ‘अलबत्या गलबत्या’मध्ये चेटकीण अशी रंगवली की लहान मुलं तिला भ्यायली आणि खदखदून हसलीसुद्धा. आणि त्याच लेखकाने ‘लोककथा ७८’ लिहून गावगाड्यातल्या जातीच्या क्रौर्यावर बोट ठेवलं. मुलांना हसवणारा, मोठ्यांना घाबरवणारा आणि समाजाला जाब विचारणारा लेखक एकच. त्यांच्यामुळे मला एक गोष्ट उमगली. भयाचा लेखक हा माणसाच्या दुबळ्या जागेचा जाणकार असतो, आणि त्या जाणकारीचा उपयोग तो कुणाच्या बाजूने करतो, यावर त्याची उंची ठरते.

नोकरीधंदा सांभाळून लिहिणाऱ्यांची ही रांग इथेच संपत नाही. डॉ. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. तेच नारळीकर पुढे २०२१च्या नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कल्पनेच्या साहित्याला ओसरीवरून माजघरात नेणारा तो दिवस होता. साहेबांच्या देशात ब्रॅम स्टोकर लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक होता. नटांचे, पैशांचे, दौऱ्यांचे व्याप सांभाळत त्याने ‘ड्रॅक्युला’ लिहिली, ती १८९७ साली प्रसिद्ध झाली. जिम कॉर्बेटने उमेदीची वीसेक वर्षं मोकामेह घाटावर रेल्वेचा माल गंगेपार चढवण्या-उतरवण्याच्या कामात काढली. हमालांबरोबर तो स्वतः खांद्यावर ओझं घ्यायचा. ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली आलं तेव्हा तो सत्तरीच्या आसपास होता. वाघाच्या मागावर असताना आपण किती भ्यालो, हे कॉर्बेट न लाजता सांगतो. म्हणून त्याचं धैर्य खरं वाटतं.

हे असं का होत असावं? बाजार अशा लेखकाला पोसत नाही, हे एक कारण. पण मला त्याहून खोल कारण दिसतं. भयकथेला जे लागतं ते कामाच्या जागीच मिळतं. मी जिनमधलं एक उदाहरण देतो.

कापूस ओला आला आणि तसाच गंजीत पडला की आतून तापतो. वरून गंजी पांढरीशुभ्र, थंड. अनुभवी माणूस कोपरापर्यंत हात आत घालतो, डोळे मिटतो आणि क्षणभर थांबतो. आत ऊब लागली की तो काही न बोलता मजुरांना हाक मारतो आणि गंजी फोडायला लावतो. याहून वाईट प्रकार गाठीचा. रेच्यात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जातो, ठिणगी पडते, ती रुईबरोबर प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोच्या गाठीत आवळून बांधली जाते. हवा नाही, त्यामुळे ज्वाळा नाही. गाठ गोदामात रचली जाते. वर आणखी गाठी चढतात. आत ती ठिणगी दिवसचे दिवस रुई खात राहते. धूर दिसतो तेव्हा मधली गाठ पोकळ झालेली असते. जिनच्या आवारात विडी-काडीला बंदी असते ती यासाठी. गोदामाच्या फाटकाशी उभं राहून, नाकाने हवा हुंगत एकेका गाठीच्या रांगेतून जाणारा वॉचमन मी पाहिलाय. त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी कुठल्याही पडक्या वाड्याच्या वर्णनापेक्षा जास्त मोलाचं मानतो.

माझी भयकथेची सगळी समज त्या गाठीत आहे. भय बांधलेलं, आवळलेलं, नीट रचलेलं असावं. बाहेरून सगळं रोजचं दिसावं. आणि वाचकाला फक्त वास यावा.

याच जिनच्या फाटकाबाहेर रात्रपाळीचे मजूर शेकोटी करायचे, कारण आत आग नेता येत नव्हती. कुणी सातपुड्यातला पावरा, कुणी बुलढाण्याकडचा, कुणी तापीकाठचा. त्यांच्या गोष्टी मी ऐकल्या. चांगला सांगणारा कधीही ‘एका गावात’ असं म्हणायचा नाही. गाव कोणतं, नाला कोणता, चिंच कोणत्या हाताला, बैल कोणत्या रंगाचा, हे सगळं आधी ठरवून घ्यायचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी म्हणालाच, की हो, तो नाला मला माहितीये, की तिथून गोष्ट पुढे. स्टोकरनेही हेच केलं. ‘ड्रॅक्युला’साठी त्याने रेल्वेच्या वेळापत्रकापासून गावांच्या भूगोलापर्यंत टिपणं काढली होती. त्याची कादंबरी सुरू होते ती उशिरा धावणाऱ्या गाड्यांच्या नोंदींनी. वाचकाने वेळापत्रकावर विश्वास ठेवला की रक्तपिपासू सरदारावर ठेवायला त्याला वेळ लागत नाही. शंभर खऱ्या गोष्टींच्या आधारावर एक खोटी गोष्ट उभी राहते. त्या शंभरांत एक जरी चुकली तरी सगळा डोलारा खाली येतो. म्हणून नव्या लेखकांना माझं सांगणं आहे की भूत नंतर शोधा, आधी विहिरीची खोली मोजून या.

आता आपल्या मातीकडे वळतो. खानदेशातल्या लेखकाला भयाचं आणि अद्भुताचं सामान बाहेरून आणावं लागत नाही. इथून थोड्या अंतरावर तापी आणि पूर्णा मिळतात. संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे. लोकपरंपरा सांगते की योगी चांगदेव मृत्यूला चुकवत चौदाशे वर्षं जगला. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन तो ज्ञानदेवांना भेटायला निघाला आणि भावंडं भिंतीवर बसून त्याला सामोरी गेली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून तिच्यातलं भय आपल्याला जाणवेनासं झालंय. जरा नव्याने विचार करा. काळ न्यायला आला की श्वास रोखून बसणारा, शेकडो वर्षं साठवत गेलेला, हिंस्र जनावरांवर सत्ता चालवणारा माणूस. परदेशी लेखकाच्या हाती ही कल्पना पडली तर तो तिचा राक्षस करील. स्टोकरचा सरदारही मरण नाकारणाराच आहे, आणि कादंबरी त्याला कुकरीने आणि सुऱ्याने संपवते. आपल्या परंपरेने काय केलं? त्या चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला एका कोवळ्या मुलीच्या पायाशी बसवलं. मुक्ताई त्याची गुरू झाली. त्याचा अहंकार संपला आणि त्याबरोबर त्याचं मरणाचं भयही. मुक्ताईचं स्थान इथून जवळ कोथळीला आहे, आपल्या शेजारच्या तालुक्याने तिचं नाव धारण केलंय. भयकथा कशी सुटावी याचं याहून सुंदर उत्तर मला जगाच्या साहित्यात माहीत नाही.

पण खानदेशाकडे दुसरं उत्तरही आहे, आणि ते सुटकेचं नाही. सातपुड्यात अश्वत्थामा फिरतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखम भळभळत असलेला, मरण न येणारा. तो वाटसरूकडे जखमेवर लावायला तेल मागतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात अश्वत्थाम्याचा मानला जाणारा अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीच्या दिवसांत हजारो भाविक तो चढून जातात. तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही, तो पहाटे महादेवाला फूल वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. झोपेतल्या मुलांना मारणाऱ्याला शिक्षा काय, तर मरण नाही. महाभारताने दिलेली ही शिक्षा सातपुड्याच्या लोकांनी एका मागण्यात उतरवली, थोडं तेल द्या. एवढ्या साध्या मागणीत केवढी भयानकता आहे! आणि केवढी करुणाही, कारण गोष्टीतला वाटसरू बहुतेक वेळा तेल देतो. तापीच्या संगमावर मरण स्वीकारून मोकळा झालेला एक, आणि सातपुड्यात मरणाविना भटकणारा एक. या दोघांच्या मधल्या मुलखात आपण राहतो. याहून मोठा विषय लेखकाला कोणता हवा?

साहसाचंही तसंच. अजिंठ्याची लेणी इथून फार दूर नाहीत. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला आलेल्या कॅप्टन जॉन स्मिथला ती दिसली आणि दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव कोरून ठेवलं. ते अजून आहे. आसपासच्या गुराख्यांना, रानात राहणाऱ्यांना ती लेणी ठाऊकच होती. स्मिथची गोष्ट जगाने ऐकली, गुराख्याची अजून कुणी लिहिलेली नाही. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाचा लष्करी चित्रकार अजिंठ्याला आला. लेण्यांतल्या अंधारात, वटवाघळांच्या संगतीत त्याने वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. बातमी कळल्यावरही हा माणूस पुन्हा कामाला लागला. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी असलेलं त्याचं नातं आपल्या ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घकवितेत अमर केलं. गिल १८७९ साली वारला आणि त्याची कबर आहे भुसावळला. कित्येक जण रोज तिच्या आसपासून जातात आणि त्यांना याचा पत्ता नसतो. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्याच्या घाटांत कंपनी सरकारशी झुंज दिली, अंबापाणीला लढाई झाली. त्यात भिल्ल स्त्रियाही होत्या. या मुलखावर साहसकादंबऱ्यांचं अख्खं कपाट भरायला हवं होतं. ते अजून रिकामं आहे, आणि ते भरण्याची जबाबदारी या मांडवात बसलेल्यांची आहे.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं.

सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला ‘डाकीण’ ठरवलं जातं. गावात ताप आला, गुरं दगावली, पोर गेलं की बोट दाखवलं जातं, बहुतेक वेळा एकट्या, विधवा, म्हाताऱ्या किंवा थोडी जमीन नावावर असलेल्या बाईकडे. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही घेतला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

भयकथेच्या लेखकाने यावर गप्प बसता कामा नये. कारण बाईला डाकीण ठरवणाऱ्या भगताच्या बोलण्याचा माल आणि आमच्या कादंबरीचा माल वरवर सारखाच दिसतो. फरक आहे, आणि तो जीवन-मरणाचा आहे. भगत भीती खरी म्हणून विकतो आणि तिच्यावर उतारा म्हणून पैसे, कोंबडं किंवा एखाद्या बाईचा बळी मागतो. लेखक भीती कल्पित म्हणून समोर ठेवतो आणि शेवटचं पान मिटलं की वाचकाला मोकळा करतो. कादंबरीत भिऊन बाहेर आलेला वाचक भीती ओळखायला शिकतो. तिची चाल, तिचा आवाज, ती आपल्याकडून काय करून घेऊ पाहते, हे त्याला कळतं. असा माणूस भगताच्या अंगणात सहज सापडत नाही. धारपांचा आणि मतकरींचा चांगला वाचक अंधश्रद्ध झालाय असं मला कधी आढळलं नाही.

पण हे आपोआप होत नाही. म्हणून लिहायला लागलो तेव्हापासून मी एक नियम पाळतो. माझ्या कादंबरीतलं वाईट कधीही एकट्या राहणाऱ्या बाईच्या, म्हाताऱ्या विधवेच्या, अपंगाच्या, रानातल्या आदिवासीच्या किंवा कुठल्या एका जाती-धर्माच्या माणसाच्या रूपाने येत नाही. गावाने जिच्याकडे बोट दाखवलं तिचं घर माझ्या गोष्टीत बहुतेक वेळा सगळ्यात सुरक्षित जागा असते. भय असतं ते बोट दाखवणाऱ्या गर्दीत. तिच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्या भावकीत. इथे लिहिणारे जे तरुण आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विस्कटलेल्या केसांची म्हातारी दाखवून वाचकाला घाबरवणं फार सोपं असतं. पण ती म्हातारी कागदावरून उठून तुमच्या गावातल्या कुणाच्या तरी आजीच्या अंगावर जाऊन बसते. आपल्या लेखणीला तेवढं पाप लागू देऊ नका.

नव्या लेखकांना आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या बोलीला घाबरू नका. तावडी आणि अहिराणी बोलणारी माणसं कादंबरीत आली की त्यांना फक्त विनोदापुरती वापरण्याची खोड जुनी आहे. मध्यरात्री दार ठोठावणारा माणूस तावडीत बोलला तर ती हाक या मांडवातल्या प्रत्येकाच्या छातीत घुसेल. बहिणाबाईंनी आपल्या बोलीत जगण्याचं सगळं तत्त्वज्ञान मांडलं, भय मांडायला बोली अपुरी कशी पडेल? दुसरी गोष्ट, वेळ नाही असं म्हणू नका. वेळ कुणालाच नसतो. चष्म्याच्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर, नाटकाच्या तिकीटबारीमागे बसून ही पुस्तकं झाली. तुमची नोकरी ही तुमच्या लेखनाची अडचण समजू नका, ती तुमची खाण समजा. एसटीचा वाहक, वीज मंडळाचा वायरमन, दवाखान्यातली नर्स, पोस्टमन, धरणावरचा चौकीदार यांना रात्रीचं जे दिसतं ते घरात बसून लिहिणाऱ्याला दिसत नाही. ते लिहा.

समीक्षकांना आणि विद्यापीठांना माझं मागणं आहे. मराठी भयकथेचा, रहस्यकथेचा आणि साहसकथेचा सलग, साधार इतिहास लिहिला जायला हवा. अर्णाळकरांपासून गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकरांपर्यंत, ‘नवल’सारख्या मासिकांपासून ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांपर्यंत हा मोठा ऐवज आहे. स्वस्त कागदावर छापलेली ही पुस्तकं आज हात लावला की तुटतात. आणखी वीस वर्षांनी त्यातली पुष्कळ कुठेही मिळणार नाहीत. वाचनालयांनी ती रद्दीत देऊ नयेत. ज्यांच्याकडे संच आहेत त्यांनी ते स्कॅन करून जपावेत. लोकांनी काय वाचलं हे ज्या भाषेला माहीत नसतं, तिला आपले लोकही माहीत नसतात.

आणि या संमेलनाच्या संयोजकांना एक ठोस सूचना करतो. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने या वर्षी मुलांना एक काम द्यावं. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात वयस्क माणसाकडून एक भयाची आणि एक धाडसाची गोष्ट ऐकायची आणि ती त्यांच्याच बोलीत, गावाच्या, नाल्याच्या, झाडाच्या खऱ्या नावांसह लिहून आणायची. शिक्षकांनी मुलांशी त्यावर बोलावं. यातलं खरं काय, कल्पित काय, या गोष्टीत कुणावर अन्याय झालाय का, हे विचारावं. पुढच्या संमेलनात त्यातल्या निवडक गोष्टींचं पुस्तक निघावं. त्याच्या छपाईच्या खर्चातला माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देऊन जाणार आहे. त्या मुलांतून एखादा धारप निघेल, एखादी मतकरींच्या तोडीची लेखिका निघेल. नाहीच निघाले, तरी भीतीला तोंड कसं द्यायचं हे शिकलेली एक पिढी या तालुक्यात तयार होईल. साहित्याकडून गावाने याहून जास्त काय मागावं?

लिहीत राहा, वाचत राहा आणि निर्भय राहा.